दवाखान्यातून जैववायूकडे : डॉ. सुहास मापुसकर यांच्या कार्याचे ऐतिहासिक आकलन

प्रस्तावना

भारतातील जैववायू-तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा इंधनाचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. जशभाई पटेल यांचे ‘ग्रामलक्ष्मी’ संयंत्र, खादी व ग्रामोद्योग आयोगाने केलेला त्याचा प्रसार, १९७३ चे तेलसंकट, १९८१-८२ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय जैववायू विकास प्रकल्प या टप्प्यांनी तो पुढे सरकतो. या इतिहासात अभियंते आहेत, रसायनशास्त्रज्ञ आहेत, गांधीवादी कार्यकर्ते आहेत. डॉक्टर मात्र त्यात क्वचितच दिसतो. दिसलाच तर समाजकार्याची आवड असलेला एक सद्गृहस्थ म्हणून.

पुणे जिल्ह्यातील देहू येथे वैद्यकीय अधिकारी म्हणून गेलेले आणि पुढे मानवी मैल्यापासून वायू निर्माण करणाऱ्या ‘मलप्रभा’ संयंत्राचे कर्ते म्हणून ओळखले गेलेले डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर (१९३५-२०१५) यांचे कार्य या दृष्टीने पुन्हा तपासण्यासारखे आहे. त्यांनी वैद्यकीय व्यवसायातून पर्यावरणपूरक जैवतंत्रज्ञानाकडे केलेला प्रवास हा क्षेत्रबदल होता, की एकाच प्रश्नाचा अधिक खोलवर घेतलेला पाठपुरावा होता, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. दुसरा पर्याय अधिक ग्राह्य ठरतो, आणि तो ग्राह्य धरला की संयंत्राच्या जमाखर्चाची मांडणीच बदलते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

माटुंग्याचे कुष्ठालय

भारतातील जैववायूच्या पहिल्या ज्ञात वापराची नोंद शेतावर किंवा गोठ्यात सापडत नाही. ती मुंबईच्या कुष्ठालयात सापडते. माटुंगा येथील या बेघर कुष्ठरुग्णांच्या आश्रयस्थानाची स्थापना १८९० मध्ये मुंबईचे तत्कालीन पालिका आयुक्त हॅरी अॅकवर्थ यांच्या पुढाकाराने झाली. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह ऐतिहासिक पोवाड्यांचे संकलन प्रसिद्ध करणारे अॅकवर्थ ते हेच. मराठीच्या अभ्यासकांना ते पोवाड्यांमुळे ठाऊक असतात आणि वैद्यकाच्या अभ्यासकांना कुष्ठालयामुळे. दोन्ही ओळखी एकाच माणसाच्या आहेत, हे सहसा एकत्र सांगितले जात नाही.

या कुष्ठालयातील मैलापाणी ज्या बंद टाक्यांत साठविले जाई, त्या टाक्यांवर १८९७ मध्ये वायू गोळा करण्याची व्यवस्था बसविण्यात आली. त्या वायूवर दिवे लावण्यात आले आणि पुढे इंजिनही चालविण्यात आले. मुंबईच्या मलनिःसारण खात्यातील अभियंता सी. सी. जेम्स यांचे नाव या प्रयोगाशी निगडित आहे.

वर्ष लक्षात घेण्यासारखे आहे. १८९६ च्या सप्टेंबरपासून मुंबईत प्लेगने थैमान घातले होते. १८९७ मध्ये साथरोग कायदा संमत झाला आणि त्याच वर्षाच्या आरंभी हाफकिन यांनी मुंबईत प्लेगप्रतिबंधक लस स्वतःला टोचून घेतली. शहराचे आणि इतिहासकारांचेही लक्ष लशीकडे असताना त्याच शहरातील एका रुग्णसंस्थेत विष्ठेतील सूक्ष्मजीव दिवे पेटवीत होते. रोग्यांच्या वस्तीतील घाण सुरक्षितपणे संपविणे हा त्या व्यवस्थेचा मूळ हेतू होता, वायू हे उपफळ होते. हा क्रम पुढील अर्धशतकात नेमका उलटा झाला.

वायूचे शेणाकडे स्थलांतर

१९३७ च्या सुमारास मुंबईत दादर येथे मैलापाण्याच्या शुद्धीकरणासाठी वायुविरहित पाचनाची व्यवस्था कार्यरत झाली. ती पाहून दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेतील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एस. व्ही. देसाई यांनी गाईच्या शेणावर तसेच प्रयोग केले. त्यानंतर जशभाई पटेल यांनी तरंगत्या टाकीचे संयंत्र सिद्ध केले आणि १९६० च्या दशकाच्या आरंभी खादी व ग्रामोद्योग आयोगाने ते स्वीकारले. ‘गोबर गॅस’ हा शब्द मराठी घरात रुळला तो यानंतर.

शेणाकडे झालेले हे स्थलांतर तांत्रिकदृष्ट्या समर्थनीय होते. शेणातील कार्बन व नायट्रोजन यांचे प्रमाण सूक्ष्मजीवांना मानवणारे असते. मानवी विष्ठेत नायट्रोजन अधिक असल्याने हे प्रमाण ६ ते १० इतके खाली येते. पाचनासाठी ते २५ ते ३० असणे अनुकूल मानतात. उत्पादनाचाही प्रश्न होता. एका गाईचे दिवसाचे सुमारे १० किलो शेण १२ ते १३ घनफूट वायू देते, तर एका माणसाच्या दिवसभराच्या विष्ठेतून जेमतेम १ घनफूट वायू मिळतो.

परंतु शेणाला मिळालेल्या पसंतीचे कारण केवळ रसायनशास्त्रीय होते, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. ज्या समाजात शेणाने अंगण सारवले जाते आणि मैला विशिष्ट जातीच्या माणसाच्या डोक्यावर दिला जातो, त्या समाजात कोणता कच्चा माल ‘स्वीकारार्ह’ ठरणार, हे प्रयोगशाळेपूर्वीच ठरलेले असते. वायूच्या शोधातून मैला बाहेर पडला, आणि त्याबरोबर आरोग्याचा मूळ प्रश्नही बाहेर पडला. संयंत्राचे मोजमाप आता किती घनफूट वायू आणि किती लाकूड वाचले, एवढ्यावर होऊ लागले.

मैल्याचा प्रश्न ज्यांनी सोडला नाही, त्यांत सीताराम पुरुषोत्तम तथा अप्पा पटवर्धन (१८९४-१९७१) हे अग्रगण्य होत. रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी भंगीकाम करू देण्याची मागणी केली. सवर्ण कैद्याला ते काम देता येत नाही म्हणून ती नाकारण्यात आली. त्यांनी अन्न कमी केले आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी डिसेंबर १९३२ मध्ये गांधीजींनी येरवड्यात अल्पकाळ उपोषण केले. १९४८ मध्ये अप्पांनी कणकवली येथे गोपुरी आश्रम स्थापन केला. मैल्याचे खत करणारा ‘गोपुरी संडास’ तेथेच आकारास आला आणि मैल्यापासून वायू मिळविण्याचे प्रयोगही तेथे झाले. अप्पांची प्रेरणा अस्पृश्यतानिवारणाची होती. माणसाच्या हातातून मैला काढून घ्यायचा, तर त्याची अशी व्यवस्था हवी की हात लावण्याची गरजच उरू नये, हा त्यांचा विचार. वैद्यकाशी त्याचा थेट संबंध नव्हता. तो संबंध पुढे देहूत जोडला गेला.

देहूतील प्राथमिक आरोग्य केंद्र

स्वातंत्र्योत्तर काळात भोर समितीच्या १९४६ च्या अहवालाला अनुसरून १९५२ पासून देशात प्राथमिक आरोग्य केंद्रे उघडली जाऊ लागली. गावात उपचार आणि प्रतिबंध या दोन्ही गोष्टी एकाच छताखाली व्हाव्यात, अशी त्यामागील कल्पना होती. व्यवहारात प्रतिबंधाचा वाटा लसीकरणापुरता आणि भिंतीवरील सुविचारांपुरता राहिला. डॉ. मापुसकर १९६० च्या आसपास अशाच एका केंद्रावर, देहूला, रुजू झाले.

देहू हे सामान्य खेडे नव्हते. तुकाराम महाराजांच्या वास्तव्याने पुनीत झालेल्या या गावात फाल्गुन वद्य द्वितीयेच्या बीजेला आणि ज्येष्ठात पालखीच्या प्रस्थानाला वारकऱ्यांचा महासागर लोटतो. गावाची लोकसंख्या काही दिवसांसाठी अनेक पटींनी वाढते. सर्वांची स्नाने इंद्रायणीत होतात आणि सर्वांचे प्रातर्विधीही त्याच परिसरात. गावात शौचालयांची व्यवस्था जवळजवळ नव्हती. टमरेल घेऊन परसाकडे जाणे हाच रिवाज होता आणि नव्याने आलेल्या डॉक्टरलाही तोच मार्ग दाखविला गेला.

दवाखान्यात येणाऱ्या रुग्णांत हगवण, विषमज्वर, जंत आणि त्यातून येणारा पांडुरोग यांचे प्रमाण मोठे असणे अशा गावात अटळ होते. येथे गोलकृमीचे जीवनचक्र थोडे विस्ताराने पाहणे आवश्यक आहे, कारण डॉ. मापुसकरांच्या निर्णयाचे तर्कशास्त्र त्यातच आहे. या कृमीची एक मादी दिवसाला सुमारे २ लाख अंडी घालते. ती विष्ठेवाटे बाहेर पडतात, परंतु लगेच रोग निर्माण करीत नाहीत. ओलसर, सावलीच्या मातीत दोन ते चार आठवडे राहिल्यावर ती संसर्गक्षम होतात. अंड्याचे कवच इतके चिवट असते की अनुकूल जमिनीत ते वर्षानुवर्षे टिकू शकते. मातीतून भाजीवर, भाजीतून हातावर, हातातून मुलाच्या पोटात, असा त्याचा प्रवास. अंकुशकृमी तर पोटाची वाटही पाहत नाही. त्याची अळी अनवाणी पायाच्या त्वचेतूनच शरीरात शिरते.

आता दवाखान्याची बाजू पाहावी. त्या काळी जंतांवर पाइपराझीन हे औषध उपलब्ध होते. ते दिले की जंत पडत, मूल चार दिवस हसू-खेळू लागे. परंतु मूल ज्या मातीत खेळायला जाई, ती माती तीच होती. काही महिन्यांत तेच मूल, तीच तक्रार आणि तीच बाटली. औषधाचा गुण आला नाही असे नाही. गुण आला आणि तो मातीने परत घेतला. वैद्यकीय शिक्षणात निदान याचा अर्थ रोगाचे मूळ शोधणे असा शिकवला जातो. येथे मूळ रुग्णाच्या शरीरात नव्हतेच, ते गावाच्या हागणदारीत होते. ज्याने निदान प्रामाणिकपणे केले, त्याला दवाखान्याच्या खोलीत बसून राहणे अवघड व्हावे, हे ओघानेच आले.

डॉ. मापुसकरांनी प्रथम जे केले ते कोणताही कर्तव्यदक्ष शासकीय डॉक्टर करील तेच होते. लोकांना समजावून सांगितले आणि प्रचलित नमुन्याप्रमाणे काही शौचकूप बांधवून घेतले. ते पावसाळ्यात ढासळले. या घटनेचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. गावकऱ्यांनी डॉक्टरचा शब्द मानला होता आणि तो शब्द पहिल्याच पावसात वाहून गेला. जंतांविषयीचे व्याख्यान शास्त्रशुद्ध असून भागत नव्हते. खड्ड्याची भिंतही शास्त्रशुद्ध असावी लागत होती. रोगाचे ज्ञान डॉक्टरकडे होते, खड्ड्याचे ज्ञान त्याच्याकडे नव्हते आणि ज्यांच्याकडे होते असे मानले जाई त्यांनी ते देहूची माती पाहून वापरले नव्हते. या अपयशानंतर डॉ. मापुसकर अप्पा पटवर्धनांच्या कार्याकडे वळले. कमी खर्चाच्या, गावातच बांधता येईल अशा संडासाचे तंत्र त्यांना तेथे मिळाले. वैद्यकीय पदवीधराने कोकणातील एका गांधीवाद्याकडून खड्डा कसा खणावा हे शिकावे, यात त्या काळच्या व्यावसायिक प्रतिष्ठेच्या कल्पनांना बराच मोठा छेद होता.

देहूचे परिवर्तन झटपट झाले नाही. घरोघरी शौचालय ही स्थिती येण्यास सुमारे चार दशके लागली. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१ मध्ये सुरू झाले, तेव्हा महाराष्ट्रातील अनेक गावांना जे नवे वाटले ते देहूत दोन पिढ्यांच्या परिचयाचे होते.

‘मलप्रभा’ : डॉक्टरच्या अटींवरचे संयंत्र

शौचालय बांधल्याने मैला दृष्टीआड होतो, निर्जंतुक होत नाही. खड्डा भरला की तो उपसावा लागतो. भूजल वर असेल तर तो विहिरीत झिरपतो. यापुढचा विचार डॉ. मापुसकरांना जैववायूकडे घेऊन गेला. अप्पांच्या प्रयोगांचा धागा पुढे नेत त्यांनी मानवी मैल्यासाठी विकसित केलेली रचना ‘मलप्रभा’ या नावाने ओळखली जाते. मलातून प्रभा, असा त्या नावाचा सरळ अर्थ.

शेणाच्या संयंत्रात रोज शेण आणि पाणी हाताने कालवून आत सोडावे लागते. बाहेर येणारी स्लरी उघड्या खड्ड्यात पडते आणि तरंगत्या टाकीच्या कडेने आतील राडा दिसत राहतो. शेणाच्या बाबतीत यांपैकी कशालाच कोणी हरकत घेत नाही. तेच संयंत्र मैल्याला जसेच्या तसे लावले, तर माणसाला रोज मैला कालवावा लागेल. म्हणजे गॅस मिळेल, पण अप्पांचा प्रश्न आणि डॉक्टरचा प्रश्न दोन्ही होते तेथेच राहतील. म्हणून मैल्याच्या संयंत्रात शौचकूपाची नळी थेट पाचक टाकीला जोडणे, मैला कोठेही हाताळावा लागू नये, तो उघडा दिसू नये, माशी तेथवर पोहोचू नये आणि पाणी बेताचेच वापरले जावे, या अटी मूलभूत ठरतात. अशा संयंत्रांत वायूची टाकी राड्यात न बुडविता भोवतालच्या पाण्याच्या कड्यात तरंगत ठेवण्याची पद्धत याच कारणाने रुढ झाली. पाण्याच्या अटीकडे विशेष लक्ष वेधले पाहिजे. जास्त पाणी ओतले की मैला पातळ होऊन टाकीतून लवकर बाहेर ढकलला जातो. वायू कमी होतो हे खरेच, पण रोगजंतूंना मरण्यास पुरेसा अवधीही मिळत नाही.

हा अवधी म्हणजे डॉक्टर आणि अभियंता यांच्या दृष्टिकोनांतील नेमकी सीमारेषा होय. भारतीय संयंत्रांत पाचनाचा काळ हवामानानुसार साधारण ३० ते ५५ दिवस धरला जातो. अभियंत्याच्या लेखी हा काळ वायूच्या उत्पादनावरून ठरतो. शेवटच्या दिवसांत वायू फार मिळत नसेल तर टाकी लहान करणे किफायतशीर. डॉक्टरच्या लेखी याच शेवटच्या दिवसांना किंमत आहे. पटकी आणि विषमज्वराचे जंतू वायुविरहित टाकीत बऱ्याच अंशी नष्ट होतात, परंतु गोलकृमीची काही अंडी साध्या तापमानाला तेथूनही तगून बाहेर पडू शकतात. त्यामुळे बाहेर आलेली स्लरी वाळविणे किंवा तिचे खत होऊ देणे हे संयंत्राच्या कामाचाच भाग ठरते. निळी ज्योत पेटली म्हणजे काम संपले, असे येथे म्हणता येत नाही.

दोन जमाखर्च

‘मलप्रभा’सारख्या संयंत्रावर घेतला जाणारा ठळक आक्षेप आर्थिक आहे आणि तो आकड्यांनी सिद्धही करता येतो. स्वयंपाकासाठी दरमाणशी रोज साधारण ८ ते १० घनफूट वायू लागतो असा हिशेब आहे. पाच माणसांच्या कुटुंबाला ४० ते ५० घनफूट हवा आणि त्यांच्या शौचालयातून मिळणार ५ घनफूट. सकाळच्या चहाला तो पुरेल, भाकरीला पुरणार नाही. इंधनाच्या वहीत हा व्यवहार तोट्याचा आहे, यात शंका नाही.

परंतु ही वहीच चुकीची असेल तर? शौचालयाच्या मलकुंडावर खर्च करताना कोणी त्यातून परतावा मागत नाही. मलकुंडाला पर्याय म्हणून पाचक टाकी पाहिली, तर चहापुरता वायू आणि शेताला खत ही निव्वळ मिळकत ठरते आणि न झालेली हगवण ही मुद्दल. सार्वजनिक शौचालयात, जेथे शेकडो माणसे रोज येतात, तेथे वायूचे प्रमाणही वाढते; ‘सुलभ’ने १९८० च्या दशकात पाटण्यापासून आरंभ करून सार्वजनिक शौचालयांना वायुसंयंत्रे जोडली ती याच हिशेबाने. यात्रेच्या गावाला हा हिशेब किती लागू पडतो, हे देहूच्या उदाहरणावरून सहज ध्यानात यावे. राष्ट्रीय कार्यक्रमातही शेणाच्या संयंत्राला शौचालय जोडणाऱ्यास वाढीव अनुदान देण्यात येऊ लागले, तथापि कार्यक्रमाचे यश मोजण्याचा एकक शेवटपर्यंत संयंत्रांची संख्या आणि वायू हाच राहिला.

स्वीकाराचा अडथळा अर्थात केवळ आर्थिक नव्हता. मैल्याच्या वायूवर नैवेद्य शिजवावा काय, असा प्रश्न घरातील वडीलधाऱ्या बायकांना पडला तर तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्योतीला विटाळ नसतो हे उत्तर रसायनशास्त्राचे आहे; स्वयंपाकघराची शास्त्रे निराळी असतात. आणि आणखी एक प्रश्न अनुत्तरितच राहतो. पंधरा-वीस वर्षांनी टाकीच्या तळाशी गाळ साचला की तो काढण्यासाठी कोण उतरणार? हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ आणि २०१३ मध्ये कायदे झाले, तरी बंद टाक्यांत उतरून गुदमरलेल्या कामगारांच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. हात न लावण्याच्या अटीवर रचलेल्या संयंत्राची खरी परीक्षा त्याच्या उद्घाटनाच्या दिवशी होत नसते.

वर्गीकरणाचा प्रश्न

डॉक्टरने मैलापाण्याच्या जैविक शुद्धीकरणात शिरण्याला जागतिक इतिहासात प्रतिष्ठित पूर्वपरंपरा आहे. क्षयप्रतिबंधक बीसीजी लशीतील ‘सी’ हे अक्षर ज्यांचे, ते आल्बेर काल्मेत मुळात फ्रेंच नौदलाचे डॉक्टर. १८९१ मध्ये सायगावला पाश्चर संस्थेची शाखा उभारताना त्यांनी तांदळापासून मद्य करणाऱ्या स्थानिक किण्वाचा अभ्यास केला आणि त्यातील बुरशीचा उपयोग पुढे युरोपातील मद्यार्कनिर्मितीत झाला. लिल येथील पाश्चर संस्थेचे संचालक असताना १९०४ पासून त्यांनी जवळच्या ला मादलेन येथे मैलापाण्याच्या जैविक शुद्धीकरणाचे प्रायोगिक केंद्र चालविले. त्यांना कोणी समाजसेवक म्हटले नाही. त्यांच्यामागे संस्था होती, प्रयोगशाळा होती आणि लशीची कीर्तीही पुढे आली. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरकडे यांपैकी काही नसते.

‘जैवतंत्रज्ञान’ या शब्दाचा इतिहासही येथे प्रस्तुत आहे. हंगेरियन अभियंता कार्ल एरेकी यांनी १९१९ मध्ये तो रूढ केला, तेव्हा सजीवांच्या साहाय्याने कच्च्या मालाचे उपयुक्त वस्तूंत रूपांतर असा त्याचा व्यापक अर्थ होता. त्या अर्थाने ‘मलप्रभा’ हे निखळ जैवतंत्रज्ञान होय. परंतु भारतात १९८६ मध्ये स्वतंत्र जैवतंत्रज्ञान विभाग स्थापन झाला तेव्हा या शब्दाभोवती जनुके, लशी आणि ऊतिसंवर्धन यांचे वलय होते. जैववायू त्यापूर्वीच, १९८२ मध्ये स्थापन झालेल्या अपारंपरिक ऊर्जा विभागाकडे गेला होता. मैला ग्रामविकासाकडे, जंत आरोग्य खात्याकडे आणि वायू ऊर्जेकडे, अशी वाटणी झाली. एकाच टाकीत घडणाऱ्या एका प्रक्रियेला तीन खाती लाभली आणि ती प्रक्रिया सलग पाहणारा डॉक्टर कोणत्याच खात्यात बसेना.

डॉ. मापुसकरांनी देहूत उभारलेल्या संस्थेचे नाव या पार्श्वभूमीवर वाचावे : अप्पा पटवर्धन सफाई व पर्यावरण तंत्रनिकेतन. सफाई हे शिकण्याचे आणि शिकविण्याचे तंत्र आहे, असा दावा त्या नावातच आहे. ‘तंत्रनिकेतन’ हा शब्द महाराष्ट्रात यंत्र आणि स्थापत्य शाखांसाठी राखून ठेवलेला. त्याला सफाई हे विशेषण जोडणे नोकरशाहीच्या कोणत्याही कोष्टकात मावणारे नव्हते.

डॉ. मापुसकर यांचे २०१५ मध्ये निधन झाले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. शासकीय यादीत वैद्यक आणि विज्ञान व अभियांत्रिकी अशा दोन्ही वर्गवाऱ्या उपलब्ध होत्या. त्यांचे नाव ‘समाजकार्य’ या वर्गात नोंदलेले आहे.